काटोलच्या डब्यातलं पोटॅशियम

तो फोन मीच लावला होता. काटोलच्या कलेक्शन सेंटरवरून आलेलं सॅम्पल, ६८ वर्षांचे पुरुष, पोटॅशियम ६.६. आमच्या नागपूरच्या लॅबमध्ये ६ च्या वर गेलं की क्रिटिकल. मग रिपोर्ट छापून निघायची वाट बघायची नाही. डॉक्टरांना फोन करायचा, आकडा त्यांच्या तोंडून परत वदवून घ्यायचा, वहीत वेळ टाकायची. मी सगळं केलं. सर म्हणाले, "६.६. बरं, बोलावून घेतो." दुपारचा १ वाजून १० मिनिटं झाली होती, मे महिन्याचा शेवटचा आठवडा, नवतपा नुकताच लागलेला. बाहेर ४५ अंश.

पोटॅशियम एवढं चढलं तर हृदय कधी दगा देईल सांगता येत नाही. म्हणून त्या काकाजींना त्यांच्या मुलानं भाड्याची गाडी करून भर उन्हात साठेक किलोमीटर आणलं. कॅज्युअल्टीत ईसीजी काढला, तो अगदी व्यवस्थित. पुन्हा रक्त घेतलं. सिस्टर स्वतः ट्यूब घेऊन खाली आल्या, रक्त गोठल्याबरोबर आम्ही ती पेशी खाली बसाव्यात म्हणून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली, मशीनवर लावली. ४.४.

तोवर सरांनी फोनवरूनच त्यांची एक गोळी बंद केली होती. हृदयाचं पंपिंग कमी असलेल्यांना देतात ती, पोटॅशियम थोडं वाढवणारी. ती परत सुरू केली. सरांनी मला एवढंच विचारलं, "मॅडम, या दोन्हींतला खरा कोणता धरू?" त्यांनी आवाज चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

मी वर कॅज्युअल्टीत गेले. काकाजी स्ट्रेचरवर बसून होते, डोक्याला अजून दुपट्टा बांधलेला. मला पाहून म्हणाले, "बाई, माह्यं रगत खराब झालं का जी?"

"नाही काकाजी, तुमचं रक्त चांगलं आहे. चूक आमच्याकडून झाली."

कुठे झाली, हे मात्र मला तेव्हा माहीत नव्हतं.

खाली येऊन आधी मशीन तपासलं. लॅबवाल्याचा हात आधी तिकडेच जातो. आमचा दिवस सकाळी साडेसातला सुरू होतो: खोलीचं तापमान, फ्रिजचं तापमान, पाण्याच्या प्लँटचं मीटर. बायोकेमिस्ट्रीचं मशीन दिवसभर पाणी पितं, आणि त्या पाण्यात क्षार शिरले की कॅल्शियमपासून सगळं हळूहळू सरकायला लागतं. मग कंट्रोल. कंट्रोल म्हणजे ज्याचं उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे असं सिरम (रक्त गोठल्यावर पेशींपासून वेगळं होणारं पाणी), दोन पातळ्यांचं. रोज ते लावून आलेले आकडे लेव्ही-जेनिंग्ज चार्टवर टिंबांसारखे बसतात. १९५० सालापासून जगभरच्या लॅब हाच चार्ट बघतात. त्याला वेस्टगार्डचे नियम: एक टिंब दोन एसडीच्या (एसडी म्हणजे सरासरीपासून आकडे किती पसरतात त्याचं माप) पलीकडे गेलं तर सावध व्हा, तीनच्या पलीकडे गेलं तर थांबा, दोन्ही पातळ्या एकाच बाजूला दोनच्या पलीकडे गेल्या तरीही थांबा, आणि दहा टिंबं ओळीनं सरासरीच्या एकाच बाजूला पडली तर मशीन हळूच कुठेतरी झुकलंय असं समजा.

त्या दिवशीची पोटॅशियमची टिंबं मधल्या रेषेला चिकटून होती. आदल्या दिवशीची तशीच, आदल्या आठवड्याचीही. पोटॅशियम मोजणारा इलेक्ट्रोड नवा होता. वेल्लोरच्या सीएमसी या मेडिकल कॉलेजकडून दर महिन्याला येणाऱ्या बाहेरच्या तपासणीतही आमचं पोटॅशियम नेहमी चांगलं असे. मशीनकडे बोट दाखवायला जागाच नव्हती.

मग सॅम्पल. काकाजींची मूळ ट्यूब रॅकमध्येच होती, कारण आम्ही सॅम्पल काही दिवस ठेवतो. (हा नियम खर्चिक वाटणाऱ्या प्रत्येकाला मी ती ट्यूब दाखवीन.) पोटॅशियम खोटं वाढायची सगळ्यांत नेहमीची दोन कारणं असतात. पहिलं हिमोलिसिस, म्हणजे लाल पेशी फुटणं. लाल पेशीच्या आत बाहेरच्यापेक्षा वीस-पंचवीस पट पोटॅशियम असतं. सुई बारीक असली, सिरिंज जोरात ओढली, ट्यूब खडखडा हलवली की पेशी फुटतात आणि आतलं बाहेर सांडतं. पण मग सिरम गुलाबी-लाल दिसतं. इथे सिरम स्वच्छ, फिक्या पिवळ्या रंगाचं, मशीनचा हिमोलिसिस इंडेक्सही शून्याजवळ. शिवाय त्याच ट्यूबमधून एलडीएच (पेशींच्या आत असणारं एक एन्झाइम) लावून पाहिलं, तेही नॉर्मल. पेशी फुटल्या असत्या तर एलडीएच आधी वाढलं असतं.

दुसरं कारण ईडीटीए. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू नये म्हणून पोटॅशियमचा ईडीटीए असतो. कुणी आधी ती भरून तिच्यातलंच रक्त दुसऱ्या ट्यूबमध्ये ओतलं, किंवा भरायचा क्रम चुकवला, तर पोटॅशियम आकाशाला टेकतं. पण ईडीटीए कॅल्शियम गिळतो आणि अल्कलाइन फॉस्फेटेज नावाच्या एन्झाइमचा आकडाही पाडतो. काकाजींचं कॅल्शियम ९.१, फॉस्फेटेज व्यवस्थित. म्हणजे तेही नाही.

आमच्या लॅबमध्ये वीस-बावीस वर्षं काम केलेले एक सिनियर टेक्निशियन आहेत, सगळे त्यांना भाऊ म्हणतात. भाऊ माझ्या खांद्यामागून स्क्रीन बघत होते. म्हणाले, "मॅडम, एका पेशंटचं कायले पाहता? पूर्ण काटोलच पाहा ना."

बसलो दोघं. सॉफ्टवेअरमधून त्या दिवशीची काटोलची सगळी पोटॅशियम काढली, १७ जणांची. सरासरी आली ५.३. त्याच दिवशी आमच्या ओपीडीतली सरासरी ४.३. सतरा माणसांचा गाव अख्खा एका दिवशी कसा काय वर सरकेल? रक्त काढल्याची वेळ बघावी म्हणून यादी उघडली, तर सगळ्यांपुढे एकच वेळ, ८.००. तिथला मुलगा सगळ्यांना आठच लिहून टाकायचा. तो एक धागा तिथेच तुटला.

भाऊंनी मग टोकन नंबरप्रमाणे यादी लावली. मी तो कागद अजून जपून ठेवलाय. टोकन १, पोटॅशियम ५.९. टोकन ३, काकाजी, ६.६. टोकन ६, ५.८. टोकन ११, ५.४. टोकन १९, ५.०. टोकन २८, ४.६. दोन-तीन जण इकडेतिकडे सोडले तर आकडा एकेक पायरी उतरत गेलेला. सकाळी ज्याचं रक्त आधी काढलं त्याचं सगळ्यांत जास्त, शेवटी काढलं त्याचं जवळजवळ खरं. म्हणजे रक्त ट्यूबमध्ये जितका वेळ पडून राहिलं तितकं पोटॅशियम वाढलं. आणि पेशी न फुटता.

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. "डब्यात काय ठेवून राहिले ते?"

मी काटोलला फोन लावला. मुलगा चांगला आहे, डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) झालेला, मेहनती. मी विचारलं, "सॅम्पलच्या डब्यात काय असतं रे?"

"बर्फ असते ना मॅडम. तुम्हीच तर सांगितलं होतं थंडं ठेवा म्हणून. मी तं रोज गोळेवाल्याकडून आणतो, स्वतःच्या पैशानं."

माझ्या पोटात खड्डा पडला. कारण ते खरं होतं.

एप्रिलमधली गोष्ट. काटोलहून येणाऱ्या साखरेच्या तक्रारी वाढल्या होत्या. उपाशीपोटीची साखर ५२, ५५ इतकी कमी यायची आणि तो माणूस मजेत रिपोर्ट न्यायला आलेला असायचा. रक्त शरीराबाहेर काढलं तरी पेशी जिवंतच असतात आणि त्या साखर खात राहतात. साध्या तापमानाला तासाला ५ ते ७ टक्के, उन्हात त्याहून जास्त. करड्या झाकणाच्या ट्यूबमधलं फ्लोराइड त्यांना रोखतं, पण लगेच नाही. त्याचा पूर्ण परिणाम व्हायला तास-दोन तास जातात, आणि तोवर मोटरसायकलच्या डिकीत, विदर्भाच्या उन्हात, त्या ट्यूबनं काय सोसलं असेल ते सांगायला नको. हे मला माहीत होतं. म्हणून मी व्हॉट्सॲपवर एक ओळ टाकली: "सर्व सॅम्पल थंड ठेवा." एवढीच. किती थंड, कोणती ट्यूब, किती वेळ, कशात, काही नाही. लॅबमध्ये रिकामे नसलेले हात आणि दहा उघडी कामं, त्यात घाईनं टाकलेली ओळ. मुलानं ती मनापासून पाळली. साखरेच्या तक्रारी थांबल्या आणि मी तो विषय मिटला असं धरलं.

थंडीत पेशीचं काय होतं हे मी एमडीच्या पहिल्या वर्षी शिकलेय. लाल पेशीच्या भिंतीत एक पंप असतो. तो सोडियम बाहेर फेकतो आणि पोटॅशियम आत ओढतो, अहोरात्र. पोटॅशियम आपोआप बाहेर झिरपतच असतं, पंप ते परत आत आणतो, म्हणून हिशोब जुळतो. या पंपाला ऊर्जा लागते. रक्त बर्फात ठेवलं की पंप गारठून बसतो, झिरपणं मात्र चालूच राहतं. पेशी फुटत नाही, सिरम लाल होत नाही, एलडीएच वाढत नाही, मशीनला काही वेगळं दिसत नाही. फक्त पोटॅशियम तासागणिक वर. उलट उन्हात पंप जोरात चालतो, सुरुवातीला पोटॅशियम आत ओढलं जातं आणि आकडा खोटा कमी येतो. म्हणजे एप्रिलमध्ये काटोलच्या साखरेबरोबर पोटॅशियमही थोडं खाली सरकलेलं असणार. मी ते पाहिलंच नव्हतं, कारण ३.७ कुणाच्या डोळ्यांत भरत नाही.

पुस्तकातलं माहीत होतं, तरी मला ते आमच्या खोलीत, आमच्या मशीनवर बघायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी, भाऊ आणि एक टेक्निशियन ताई, तिघांनी रक्त दिलं. प्रत्येकाच्या चार लाल झाकणाच्या ट्यूब. एक गोठल्यावर लगेच फिरवली. एक लॅबमध्ये २४ अंशांवर ठेवली. एक बर्फाच्या डब्यात. एक मागच्या व्हरांड्यात सावलीला, जिथे दहा वाजताच ३९ होतं आणि दुपारी ४२ झालं. साडेचार तासांनी तिन्ही उचलल्या. माझे आकडे पाठ आहेत. लगेच फिरवलेली: ४.१. खोलीतली: ४.२. व्हरांड्यातली: ३.७. बर्फातली: ५.६. ताईंचं बर्फातलं ५.८ झालं. ताई आपल्या चारही ट्यूब ओळीनं धरून उजेडात बघत होत्या. चारही सिरम एकाच रंगाची, कुठली कोणती हे लेबल वाचल्याशिवाय कळणार नाही. "डोळ्यांनी तं काहीच नाही दिसत मॅडम," त्या म्हणाल्या. मला वाटतं त्या क्षणी आमच्या लॅबमध्ये ही गोष्ट जेवढी रुजली तेवढी माझ्या शंभर वर्गांनी रुजली नसती.

यानंतरचं काम कुणाला सांगण्यासारखं नाही, पण लॅब चालवणं म्हणजे खरं तर तेच. मी ओळ टाकली त्या तारखेपासूनची काटोलची सगळी पोटॅशियम काढली. त्यांतली ५.१ च्या वरची १९ निघाली. त्या प्रत्येकाला फोन. प्रत्येकाला सांगायचं की तुमचा तो रिपोर्ट चुकीचा असू शकतो, पैसे न घेता पुन्हा तपासू, आणि कुणी या कारणानं औषध बदललं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. पोटॅशियम वाढायला नको म्हणून दोघांनी नारळपाणी आणि केळी सोडली होती. एका आजींनी मोसंबीसुद्धा. त्या म्हणाल्या, "घरचीच बाग हाय बाई, डोळ्यासमोर पाहूनही खाल्ली नाही." एकाचा फोन लागलाच नाही, त्यांच्याकडे तो काटोलचा मुलगा स्वतः जाऊन आला. सुधारित रिपोर्ट काढले, जुन्यावर रद्द असा शेरा, कारण लिहून. आमच्या प्रशासनातल्या एकांना ते पटलं नव्हतं. एवढं गावभर सांगायची काय गरज, असं त्यांचं म्हणणं. माझ्या मते गरज होती. चुकीचा रिपोर्ट घरातल्या फाइलमध्ये दहा वर्षं राहतो, पुढचा डॉक्टर तोच बघतो.

आयएसओ १५१८९ या लॅबच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे चालणाऱ्या लॅबमध्ये अशा वेळी एक फॉर्म भरावा लागतो, काय चुकलं, मूळ कारण काय, काय केलं, पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार. मूळ कारणाच्या रकान्यात आमच्या क्वालिटी मॅनेजर ताईंनी "कलेक्शन सेंटरवरील कर्मचाऱ्यास अपुरे प्रशिक्षण" असं लिहून आणलं. मी ते खोडलं आणि लिहिलं, "प्रयोगशाळाप्रमुखांची अपुरी लेखी सूचना". ताई थोड्या अवघडल्या. पण त्या मुलाच्या फाइलमध्ये माझी चूक जाऊ देणं मला जमलं नसतं, ज्यानं स्वतःच्या खिशातून बर्फ विकत घेतला होता.

उपाय शेवटी साधाच निघाला. काटोलला एक छोटं सेंट्रिफ्यूज दिलं आणि जेल असलेल्या ट्यूब. रक्त काढलं, अर्धा तास उभं ठेवलं, गोठलं की दहा-बारा मिनिटं फिरवलं. मग जेलचा थर पेशी आणि सिरम यांच्यामध्ये भिंतीसारखा बसतो. त्यानंतर थंडी असो की ऊन, पेशीतलं पोटॅशियम सिरममध्ये येऊ शकत नाही. इतक्या साध्या गोष्टीला तीन महिने लागले, कारण तिथे दुपारी लाइट जाते, तर इन्व्हर्टर हवा, इन्व्हर्टरला मंजुरी हवी. मधल्या काळात जाडजूड डबा, आत फ्रिजच्या खालच्या कप्प्यात रात्रभर ठेवलेले जेलपॅक (फ्रीझरमधले नव्हे), पॅक आणि ट्यूब यांच्यामध्ये जाड टॉवेल, आणि डब्याच्या झाकणाला भोक पाडून आत सोडलेला डिजिटल थर्मामीटर. १८ ते २५ मध्ये ठेवायचं. दोन फेऱ्या करायच्या, एक साडेआठला, एक दहाला. आणि प्रत्येक टोकनपुढे खरी वेळ. ही शेवटची गोष्ट पाळून घ्यायला मला सगळ्यांत जास्त बोलावं लागलं.

वेळ आणि रक्ताची हकिकत माहीत नसलेला आकडा मला आता नकोसा वाटतो. आमच्या भागात तर जास्तच. विदर्भात सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे. एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी) करताना मशीनच्या आलेखावर एस हिमोग्लोबिनचा, म्हणजे सिकलसेलमधल्या हिमोग्लोबिनचा, डोंगर उभा दिसतो आणि खाली मशीन तरीही एक आकडा छापतं. ज्याला सिकलसेलचा आजार आहे त्याच्या लाल पेशी १२० दिवस जगतच नाहीत, लवकर मरतात. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगायला त्या तेवढ्या काळ टिकायला तर हव्यात! अशा माणसाचा ५.२ हा दिलासा नसतो. त्यामुळे तो आकडा आम्ही तसाच सोडत नाही, आलेख बघून शेरा लिहितो आणि डॉक्टरांना दुसरी तपासणी सुचवतो. नवीन टेक्निशियन रुजू झाला की त्याला मी आधी हे आलेख वाचायला बसवते, मशीनची बटणं नंतर.

तेव्हापासून आणखी एक सवय लागली. रोज संध्याकाळी पाच मिनिटं काढून मी त्या दिवसाच्या सगळ्या पेशंटची पोटॅशियमची सरासरी बघते, वॉर्डनिहाय आणि सेंटरनिहाय. कंट्रोलचं सिरम फ्रिजमधून थेट मशीनवर जातं, त्यानं ऊन पाहिलेलं नसतं, मोटरसायकलवर ते बसलेलं नसतं. ते फक्त मशीनबद्दल बोलतं. पेशंटची सरासरी आधीच्या सगळ्या प्रवासाबद्दल बोलते. दोन वर्षांत तिनं तीन गोष्टी पकडून दिल्या. एकदा आमच्याच इमारतीतला वॉर्ड निघाला, तिथे नाइटचं सॅम्पल सकाळपर्यंत फ्रिजमध्ये ठेवून देत होते. दुसऱ्यांदा एक नवी सिस्टर हाताची मूठ बराच वेळ उघडझाप करायला लावून रक्त काढत होती. तिसऱ्यांदा तर काहीच चूक नव्हती, डायलिसिसचे पेशंट त्या आठवड्यात जास्त आले होते. तेही तपासून बघितल्यावरच कळलं.

काकाजी पुढच्या सोमवारी काटोलच्याच सेंटरवर आले. माझी अपेक्षा नव्हती. मुलानं फोन करून सांगितलं, "मॅडम, ते आले. मी म्हटलं नागपूरले जाता का, तं म्हणे कायले, इथंच घे." ते सॅम्पल दीड तासात पोचलं. मी स्वतः लावलं. ४.५. गोळीचा डोस सरांनी तोच ठेवला.

डिसेंबरात नागपूर १० अंशांपर्यंत उतरतं, कधी त्याखालीही. मी विसरले होते की थंडी बर्फाशिवायही येते. सेंट्रिफ्यूज तोवर लागलं होतं, पण पहाटेची काही सॅम्पल फिरवायच्या आधी खिडकीशी उभी राहायची. एका सकाळी साडेसातला, मी अजून घरीच, गॅसवर चहा होता, तेव्हा काटोलच्या मुलाचा फोन वाजला.

"मॅडम, आज रॅकपाशी चौदा दाखवून राहिलं. मी खिडकी लावून आतल्या खोलीत नेलं रॅक. आता एकोणीस हाय. चालते ना?"

"चालतं. वेळ लिहिली का?"

"लिहिली. सात वाजून बावीस."